नॉर्मल म्हणून मी स्वतः

१४ जानेवारी १९६५, संक्रांत

संकल्प: आजपासून चिडायचं नाही.

तिळगूळ घेऊन गोड बोलायचं म्हणून नव्हे. ते बायकांचं. माझं कारण शास्त्रीय आहे. जेवणातली जास्तीची साखर लिव्हर साठवून ठेवते. माणूस चिडला, घाबरला की मज्जातंतूवरून तिला हुकूम जातो, ती कोठार उघडते आणि साखर रक्तात ओतते. शांत माणसात दुसऱ्या नसेवरून उलटा हुकूम जातो, साखर आत ठेव. हे मी सशांवर सिद्ध करणार आणि त्यावर डॉक्टरेट घेणार. आमच्या बंगळूरच्या संस्थेत बाकी सगळे हार्मोनवाले. उठता बसता इन्सुलिन आणि अ‍ॅड्रिनलिन. हार्मोन म्हणजे पोस्टकार्ड, रक्तातून हिंडत हिंडत पोचेल तेव्हा पोचेल. नस म्हणजे तार. तार आल्यावर पोस्टकार्डाची वाट कोण बघतं?

संकल्प अंघोळीपर्यंत टिकला. मोरीत मुंग्या. बारीक, लाल, भिंतीपासून थेट भोकापर्यंत रांग. शिसारी आली. घरमालकीण पुट्टम्मा वरच्या मजल्यावर राहते, रेल्वेतल्या मोठ्या साहेबाची विधवा. तिला खाली बोलावून दाखवल्या. तिने मुंग्यांकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. जणू मीच पुण्याहून ट्रंकेत भरून आणल्या.

१८ जानेवारी, सोमवार

लॅब. सशांच्या पिंजऱ्यांचा वास नाकातून जात नाही. डब्यातली पोळीसुद्धा सशासारखी लागली. फेकून दिली.

प्रयोग तसा सोपा. सशाला बेशुद्ध करायचं, नसेला विजेचा बारीक झटका द्यायचा आणि त्याच्या लघवीत साखर उतरते का ते पाहायचं. तपासायला बेनेडिक्टचं निळं पाणी. त्यात थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर निळं राहतं, थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, भरपूर असली तर विटकरी. पण आधी ते पाणी धड आहे ना, हे बघायला एखाद्या निरोगी माणसाची लघवी घ्यावी लागते. तिला आम्ही नॉर्मल म्हणतो. आमच्या लॅबचा रिवाज, ज्याचा प्रयोग त्याचाच नॉर्मल. घाणेरडा रिवाज, पण आहे. वहीत लिहिलं, नॉर्मल: स्वतः.

उकळलं. विटकरी.

रिएजंट खराब. अख्खी बाटली ओतून दिली. पुरवठादाराला कडक पत्र टाकलं.

२२ जानेवारी

नवी बाटली. विटकरी. ओतली. या देशात मोरचूद शुद्ध मिळत नाही आणि हे निघालेत रॉकेट सोडायला.

२६ जानेवारी, सुट्टी

पॅन्ट कमरेत सैल झाली. सगळ्याच झाल्या. धोबी देवाप्पा कपडे दगडावर आपटून आपटून ताणतो. त्याला बोललो. तो हसला. वीणा म्हणाली, अहो, देवाप्पा काय कंबर ताणतो होय, तुम्ही वाळलाय. बायकोला शास्त्राचं काय कळतं, सुती कापड ताणलं जातंच.

तहान फार. बंगळूरची हवा कोरडी. पुण्याचीही कोरडीच होती, पण ती सभ्य होती. दुपारभर माठाशी आणि मोरीशी येरझाऱ्या. पाणी प्यायलं की जावं लागणारच, त्यात वीणाने तोंड एवढं करायचं कारण नाही.

मुंग्या आहेतच. पावडर मारली. दुसऱ्या दिवशी पावडरीवरून चालत आल्या. वीणाच्या नंतर येत नाहीत, माझ्याच नंतर येतात, हे तिचं निरीक्षण. हिला संशोधक व्हायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, सोमवार

रिएजंट स्वतः केलं. दोनदा गाळलेलं पाणी, माझ्या हाताने वजन केलेलं मोरचूद. विटकरी.

ज्युनियर प्राणेश बाजूला उभा होता. धारवाडचा, मराठी बरी बोलतो, पण हार्मोनवाला. म्हणाला, सर, माझा नॉर्मल घालून बघू का. म्हटलं बघ. त्याचं पाणी उकळलं तरी निळंच राहिलं, अगदी स्वच्छ.

अर्थ उघड आहे. प्राणेशमध्ये काहीतरी गडबड आहे. त्याला म्हटलं, तरुण वय आहे, एकदा डॉक्टरला दाखवून घे. तो खाली मान घालून सरी सर, म्हणजे बरं सर, म्हणाला.

३ फेब्रुवारी

प्राणेशने आज आगाऊपणा केला. रिएजंट चांगलंच असेल का सर, असं विचारलं. म्हणजे तुमच्यात स्वल्प साखर, एवढं म्हणून थांबला. मी चिडलो. चिडायचं नाही हे आठवेपर्यंत काचेचं नळकांडं फुटलं होतं. हा कालचा पोरगा मला साखर शिकवणार. मी साखरेत केस पांढरे केले आहेत.

घरी येताना गुत्तहळ्ळीपाशी चपलेचा अंगठा तुटला. तुटकी चप्पल ओढत घरी आलो. सांबारात गूळ होता. ताट सरकवलं. मग गूळच तेवढा मागून खाल्ला, भूक लागली होती. हल्ली भूक फार लागते. तब्येत सुधारल्याचं लक्षण.

६ फेब्रुवारी, शनिवार

पुट्टम्माने जिन्यात थांबवलं. ही बाई आपण होऊन कधी बोलत नाही. आज म्हणाली, निमगे सक्करे काईले, डाक्ट्र हत्र होगी. पुन्हा एकदा म्हणाली, हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं.

वीणा म्हणाली, प्राणेशना विचारा काय ते. कशाला? आठ वर्षं काढली इथे. कन्नड म्हणजे निम्मी मराठीच. निमगे म्हणजे तुम्हाला. सक्करे म्हणजे साखर. काईले म्हणजे खायला, ख चा क झालाय एवढंच. हत्र म्हणजे बहुधा मात्र. डॉक्टर होगी ही सरळ हिंदी आहे, लिंग चुकलंय, पण या वयात चालायचंच. एकूण अर्थ: तुम्हाला साखर खायला हवी, मात्र डॉक्टर व्हाल.

मी जिन्यातच बसलो. अडाणी म्हातारी, पण बोलली लाखाचं. माझी लिव्हर रिकामी झाली आहे. चिडचिड होते, नसेवरून तार जाते, कोठार उघडतं, साखर वाहून जाते. म्हणून मी वाळलो. म्हणून पाणी विटकरी. प्राणेश म्हणतो तसं साखर आहेच, पण आजाराची नव्हे, रागाची. मी माणसातला पहिला पुरावा आहे आणि महिनाभर ससे कापत बसलो.

पुट्टम्माला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तिला बरं वाटलेलं दिसलं.

९ फेब्रुवारी

योजना पक्की.
एक, चिडणं बंद.
दोन, साखर भरपूर. रिकाम्या कोठारात माल भरलाच पाहिजे.
तीन, सकाळी शवासन, म्हणजे साठवणीची नस जागी होईल.
चार, पाणी निळं झालं की सेमिनारमध्ये सर्वांसमोर उकळून दाखवायचं. विषय: क्रोध, मज्जातंतू आणि यकृतातील शर्करा. डायरेक्टर नरसिंहराव स्वतः हार्मोनवाले. त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल.

आठव्या क्रॉसवरच्या दुकानातून मैसूरपाक आणला. तूप हाताला लागतं, बोटं चिकट, किळसवाणा प्रकार. चार वड्या खाल्ल्या. औषध म्हणून.

१५ फेब्रुवारी, सोमवार

शवासनात मुंगी चावली. उठून अख्ख्या घराला शिव्या दिल्या. बसमध्ये कंडक्टरशी भांडण. लॅबमध्ये ससा मेला, तोही माझ्या हातावर घाण करून. दुपारी नरसिंहरावांनी मीटिंग लावली, त्यातून पुनःपुन्हा उठून जावं लागलं. ते घड्याळाकडे बघत होते. मी त्यांच्या टकलाकडे बघत होतो. आतून मात्र शांत होतो.

पाणी विटकरी. शांतता वाढवणे. मैसूरपाक वाढवणे.

२१ फेब्रुवारी, रविवार

साखरेचा डबा गायब. वीणाला विचारलं तर रेशनची संपली म्हणे. तांदळाच्या पिंपात, तळाशी, सापडला. संसाराला इतकी वर्षं झाली आणि बायको माझ्यापासून साखर लपवते, मी काय उंदीर आहे? तिला म्हटलं. ती म्हणाली, एकदा डॉक्टरकडे चला, माझ्यासाठी चला. म्हटलं, मीच डॉक्टर होणार आहे, पुट्टम्मासुद्धा तेच म्हणाली. तर वीणा रडायला लागली. बायकांना चेष्टा कळत नाही.

तिचे थोरले काका असेच वाळत गेले, असं ती म्हणाली. ते काका सावंतवाडीचे. तिथली हवाच दमट.

२३ फेब्रुवारी

वीणा आणि पुट्टम्मा दोघी मिळून बनशंकरीच्या देवळात गेल्या होत्या. अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेल घालून दिवे लावतात तिथे. एवढ्या लांब, बस बदलून, धुळीतून. कशासाठी, विचारलं तर घरासाठी म्हणाली. दोघींमध्ये भाषा एक नाही, तरी कुजबुज चाललेली असते. मी आलो की गप्प. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्याकडे चुलीवर धूरच जास्त.

प्रसादाचं लिंबू सरबत केलं तिने. बिनसाखरेचं. थुंकलो.

३ मार्च, बुधवार

मोजे काढताना वीणाला दिसलं, डाव्या अंगठ्याखाली जखम. चपलेचा खिळा लागला असावा, कधी ते माहीत नाही. चांगली मोठी आहे, कडा पांढऱ्या, वास येतो. माझ्याच पायाची मला ओकारी आली. वीणा घाबरली. तिला समजावलं, की दुखत नाही. अजिबात नाही. काही बिघाड असता तर नसेने आधी मलाच कळवलं असतं. मी नसेचा माणूस आहे, मला नको सांगू.

आयोडीन लावलं. झोंबलंसुद्धा नाही. बंगळूरचं आयोडीनही पाणी घातलेलं.

१२ मार्च

सेमिनारची तारीख मिळाली, २६ मार्च. भाषण लिहायला बसलो, अक्षरं धूसर. व्होल्टेज कमी. विजेच्या ऑफिसात जाऊन भांडलो. तिथला माणूस म्हणाला व्होल्टेज बरोबर आहे. चष्मेवाला परवा म्हणाला होता नंबर बदललाय. आज पुन्हा तपासला तर पुन्हा बदलला. एका गावात दोन चोर.

प्राणेश हल्ली माझ्या टेबलावरून बशी उचलून नेतो, मैसूरपाकासकट. त्यालाही गोड आवडतं, पण मागायची लाज.

२० मार्च

आज तीन ठिकाणी चिडायची संधी होती, एकाच ठिकाणी चिडलो. प्रगती आहे. पाणी अजून तपासत नाही. अधूनमधून तपासत बसलं की मन अस्वस्थ होतं आणि अस्वस्थ मनाने लिव्हर बिघडते. आता एकदम सेमिनारमध्येच. त्या दिवशी निळं येईल. मला आतून खात्री आहे, आणि आतून म्हणजे नसेनेच.

वीणाने माझा पाय बांधून दिला. तिच्याकडे बघवत नव्हतं. मीच तिला धीर दिला.

२६ मार्च, शुक्रवार

लिहून टाकतो.

सकाळपासून शांत. शवासन झालं. वीणाला म्हटलं, चार वड्या दे, लिव्हर भरलेली हवी. तिने दिल्या नाहीत. वाटेत घेऊन खाल्ल्या.

हॉल भरला होता. हार्मोनवाले पुढच्या रांगेत. मी नसेबद्दल बोललो, तारेबद्दल बोललो, रागात लिव्हर कशी दिवाळं काढते ते फळ्यावर काढून दाखवलं. चांगलं बोललो. मग म्हटलं, आता शांत, निरोगी माणसाचं पाणी. दिवा लावला. सगळ्यांच्या समोर थेंब टाकले.

आधी हिरवं झालं. मी म्हटलं, थांबा. मग पिवळं. मग नारिंगी. मग विटेसारखं लाल, आणि गाळ तळाला बसला, इतका की मी सशांत कधी पाहिला नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. नरसिंहराव उठले, नळी हातात घेतली, उजेडात धरली. इंग्रजीत अगदी हळू विचारलं, हा नॉर्मल कुणाचा. मी म्हटलं, माझा सर.

ते म्हणाले, खांबेटे, बसा. मग म्हणाले, पाणी हवंय का. मला खरंच हवं होतं. मी तांब्या संपवला. सगळा हॉल बघत होता.

माझं मत, पहिल्या रांगेत कुणीतरी सारखं खोकत होतं, त्याने माझी शांतता भंगली असावी.

नरसिंहरावांनी घरी जायला स्वतःची गाडी दिली. प्राणेश सोबत आला. मी म्हटलं, बसने जाईन. प्राणेश म्हणाला, नाही सर. पहिल्यांदाच तो मला नाही म्हणाला.

२७ मार्च, शनिवार

इस्पितळ. फिनेल आणि लघवी यांचा वास, भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या. दारातला वॉर्डबॉय मला बघून ओरडला, सक्करे काईले? आ कडे, आ कडे. आणि एका बाकाकडे बोट केलं. बाकावर माझ्यासारखी वाळलेली माणसं ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या हातात बाटली.

मी प्राणेशला म्हटलं, बघ, इथेही साखर खायला देतात. तो म्हणाला, काईले म्हणजे आजार, सर. सक्करे काईले म्हणजे मधुमेह. मी विचारलं, आणि डाक्ट्र हत्र होगी? तो म्हणाला, डॉक्टरकडे जा.

बाकावर सरकून जागा केली त्यांनी, बसलो.

नंतर प्राणेशने, मी न विचारता, समजावून सांगितलं. नसेचा हुकूम खोटा नाही म्हणे, सर, तुमचं बरोबर आहे. पण साठवायचं काम लिव्हर इन्सुलिनशिवाय करणार कशी, नुसता हुकूम ऐकून धान्य कोठारात आपोआप जात नाही. दोन्ही लागतात. हे मलाही माहीत होतं. पाठ्यपुस्तकात आहे. मी शिकवलेलंही आहे.

इन्सुलिन चालू. गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात. तोंडात पाणी नव्हतं म्हणून ओकलो नाही. वीणा इंजेक्शन द्यायला शिकली, पहिल्याच झटक्यात. मी इतके ससे टोचले आणि माझा हात स्वतःच्या मांडीपाशी थांबला. तिने मला दुसरीकडे बघायला सांगितलं. पुट्टम्मा भेटायला आली होती, लिंबू ठेवून गेली.

३० मार्च, मंगळवार

पायासाठी मोठे डॉक्टर आले. तरुणच आहेत, हात गार. जखम बघून तोंड वाकडं केलं नाही, म्हणून आवडले. अंगठा राहील की जाईल ते आज ठरवायचं होतं. वीणा पायथ्याशी उभी होती.

ते म्हणाले, डोळे मिटा, मी टाचणी लावीन, लागली की हो म्हणा. म्हटलं, लावा. मी नसांवर काम केलं आहे, मला ही परीक्षा पाठ आहे. डोळे मिटून पडलो. वाट बघितली. बाहेर कुणीतरी बादली आपटत होतं. त्याच्यावरही चिडलो नाही. मग फारच उशीर व्हायला लागला, तेव्हा म्हटलं, डॉक्टर, सुरू करा ना, मी तयार आहे.

ते म्हणाले, उघडा डोळे, झालं.

मी म्हटलं, आधी टोचा तरी. मान वर करून बघितलं. दोन्ही तळव्यांवर, टाचेपासून बोटांपर्यंत, रक्ताचे बारीक ठिपके होते. वीणा पदराने ते पुसत होती, आणि ती पुसते आहे हेही मला बघूनच कळलं.